उभ्या नळाच्या तळाशी

२३ सप्टेंबर २००६ रोजी मेंग शौलिनने त्या वर्षीची ऊबपट्टी भरली : एक हजार चारशे एकाहत्तर युआन आणि पाच ज्याओ, म्हणजे वर अर्धा युआन. घर साडेचौपन्न चौरस मीटरांचं, दर मीटरमागे सत्तावीस युआन. त्याचं निवृत्तिवेतन महिन्याला सहाशे ब्याऐंशी होतं. म्हणजे हिवाळ्याचं तोंड दिसायच्या आधीच दोन महिन्यांहून जास्त कमाई त्याच्या हातून गेली होती.

खिडकीपलीकडच्या बाईने पावती फाडता फाडता वर पाहिलं. "मेंग उस्ताद, मुदत ऑक्टोबरअखेरपर्यंत आहे. दरवर्षी पहिला नंबर तुमचाच कसा?"

"द्यायचेच आहेत तर हाताची बोटं वळताहेत तोवर मोजून द्यावेत," मेंग म्हणाला.

चीनच्या ईशान्येला, डोंगबैमधल्या जियामुसीत हिवाळा सहा महिने असतो आणि तिथल्या माणसाचा निम्मा संसार रेडिएटरच्या अवतीभोवती चालतो. त्याच्यावर मोजे वाळतात, संत्र्याच्या साली सुकतात, मळलेलं पीठ फुगायला ठेवतात. घरात मांजर असेल तर तीही तिथेच. आंबवलेल्या कोबीचा रांजण तेवढा त्याच्यापासून लांब ठेवायचा, नाहीतर आठ दिवसांत वास सुटतो. या लोखंडाची सेवा मेंगने सदतीस वर्षं केली. प्लायवूडच्या गिरणीत बॉयलरखात्यात तो लागला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. गिरणी बंद पडली तेव्हा अठ्ठावन्न. मधल्या काळात गिरणीच्या वसाहतीतल्या अकरा इमारतींमधला एकही रेडिएटर असा नव्हता की ज्याला त्याचा हात लागला नव्हता.

हात लावायचीही त्याची एक रीत होती. तळहातांना घट्टे पडलेले, त्यांना काही कळायचं नाही. म्हणून तो हाताची मागची बाजू लोखंडाला टेकवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळाला आई टेकवते तशी. वर गार आणि खाली गरम लागलं, की आत हवा अडकलेली. "चावी अर्धा आटा फिरवा, फुसफुस थांबून पाण्याची धार लागली की बंद करा. एवढ्यासाठी मला जिने चढायला लावता?" एक टोक गरम आणि दुसरं गार लागलं, की पोटात गाळ साठलेला. मग तो बादली मागायचा आणि दौतीतल्या शाईसारखं काळं पाणी काढून दाखवायचा. कुणी हौसेने रेडिएटरला लाकडी कपाट करून घेतलेलं असायचं. त्यांना म्हणायचा, "नवरीसारखा झाकून ठेवलात की. मग ऊब तोंड कसं दाखवणार?" पट्ट्याला हवा सोडायची पितळी चावी कायम लटकलेली, त्यामुळे वसाहतीत त्याला चावीवाला मेंग म्हणत.

दोन गोष्टींवरून मात्र तो भांडायचा. कुणी रेडिएटरचं गरम पाणी कपडे धुवायला काढलं तर, आणि कुणी जास्तीचं गरम पाणी आपल्याकडे ओढायला चोरून नळाला पंप बसवला तर.

त्याच्या इमारतीची रचनाच तशी होती. जाड नळातून गरम पाणी थेट सहाव्या मजल्यावर चढायचं आणि तिथून उभ्या नळाने एकेका घरातल्या रेडिएटरमधून फिरत खाली यायचं. सहावा, पाचवा, चौथा, असं करत शेवटी जमिनीलगतचा पहिला मजला, आणि तिथून परत बॉयलरकडे. पंगतीत वाढपी एका टोकाकडून येतो तसंच. पहिल्या पानांनी दोनदा वाढून घेतलं तर शेवटच्या पानात भांड्याची खरवड पडते. शिवाय मध्ये कुठे वेगळी वाट नव्हती. एकाने पाणी बंद केलं की सहाही घरांचं बंद.

त्या पंगतीतलं शेवटचं पान मेंगचं होतं.

आणि वरच्यांना दोनदा वाढलं होतं तेही मेंगनेच.

१९८८ च्या हिवाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या पेई यानला मुलगा झाला. तिचा नवरा मेंगच्याच खात्यात होता. बाळंतिणीच्या खोलीत सतराच्या वर पारा जाईना. तेव्हा गिरणीचा बॉयलर लाकडाच्या ढलप्यांवर चालायचा. ढलप्या फुकट, त्यामुळे पाणी पंच्याऐंशी अंशांवर सुटायचं. खाली मेंगच्या घरात, शेवटचं घर म्हणून मुळातच पाकळ्या जास्त दिलेल्या असल्याने, जानेवारीतसुद्धा खिडकी किलकिली ठेवावी लागे. मेंगची बायको ग्वीझी म्हणाली, "आपण खिडकी उघडून रस्ता तापवतोय आणि वर ते पोर निळं पडतंय. लावून दे ना चार पाकळ्या जास्त. तुझं काय जातंय?"

रेडिएटर बिडाच्या पाकळ्या एकमेकींना जोडून केलेला असतो. पाकळ्या जितक्या जास्त तितकी खोली गरम, पण तितकी ऊब पाण्यातून तिथेच काढून घेतली जाते. ग्वीझीने चार म्हटलं होतं, मेंगने पेईच्या घरी जास्तीच्या पाच लावल्या. गुदाम सांभाळणाऱ्या शिंग बाओकूने त्या काढून दिल्या, आणि मग त्यालाही हव्याशा वाटल्या. तो सहाव्या मजल्यावर राहायचा. वर छप्पर, दोन बाजूंना वारा. ग्वीझी म्हणाली, "त्याचे गुडघे बघ." शिंगकडे सहा गेल्या. मग तिसऱ्या मजल्यावर तीन, दुसऱ्यावर पाच, पाचव्यावर चार. अकरा वर्षांत तेवीस पाकळ्या. एकीचेही पैसे त्याने घेतले नाहीत. कुणी अंडी दिली, कुणी सिगारेटचं पाकीट. ग्वीझी सगळ्यांना सांगायची, "आमच्याकडे काय, सगळी ऊब शेवटी खालीच येते."

गिरणी बंद पडली. बॉयलर थंड झाला आणि वसाहत शहराच्या ऊब पुरवणाऱ्या कंपनीच्या नळाला जोडली गेली. पाणी आता बासष्ट अंशांवर वर चढू लागलं. वरच्यांना पूर्वीसारखंच पुरत होतं, कारण त्यांच्या पाकळ्या जास्त होत्या. खाली मेंगच्या घरी ते पोचायचं तेव्हा छत्तीस-सदतीस अंश. म्हणजे अंगाला लावलं तर कळायचंही नाही.

पहिली काही वर्षं दोघं जाड कपडे घालून निभावत होती. पण ग्वीझी गिरणीत पॉलिशकागदाच्या खात्यात होती. सव्वीस वर्षं तिने लाकडाची भुकटी श्वासाबरोबर ओढली, आणि त्या भुकटीने आता आपली वसुली सुरू केली. २००६ च्या शरदात ती दोनदा इस्पितळात जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, औषधं देतो तेवढी देतो, पण खोली वीस अंशांवर ठेवा. गार हवा यांच्या छातीत जाता कामा नये.

खोली तेरावर होती.

मुलीने, मेंग श्याने, दालियनहून विजेचा हीटर पाठवला. इमारतीच्या जुन्या तारांना तो झेपेना. दर तासाला फ्यूज उडायचा, आणि चालला तर हवा इतकी कोरडी करायचा की ग्वीझी खोकून खोकून अर्धी व्हायची. मुलगी म्हणाली, इकडे या. वीस-एक तासांचा रेल्वेचा प्रवास. ग्वीझीला पलंगापासून मोरीपर्यंतची सात पावलं दोनदा थांबल्याशिवाय होत नव्हती.

मेंगने खिडकीच्या फटींना कागद चिकटवले, वर प्लॅस्टिक ठोकलं. सलाइनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या इस्पितळातून मागून आणल्या होत्या, त्यांत उकळतं पाणी भरून, जुने मोजे चढवून तो तिच्या पायाशी, कमरेशी ठेवायचा. दर दीड तासाला बदलायचा. रेडिएटर धुऊन काढला, गाळ काढला, हवा सोडली. हवा नव्हतीच. पाण्यातच जीव नव्हता.

"म्हाताऱ्या, किती वेळा हात लावशील त्याला?" ग्वीझी पांघरुणातून म्हणायची. "लग्नानंतर माझ्या कपाळाला इतक्यांदा लावला नाहीस."

"तुझ्या कपाळातली हवा काढायची चावी नाही माझ्याकडे."

ती हसायची आणि हसण्याचा खोकला व्हायचा. मग तो पाठीवर हात ठेवून बसायचा.

डिसेंबरात त्याने कंपनीकडे तक्रार केली. एक पन्नाशीची बाई तापमापी घेऊन आली. खोलीच्या मधोमध स्टुलावर तापमापी ठेवून तिने दहा मिनिटं वाट पाहिली, तेरा पूर्णांक दोन लिहिलं आणि मग जिना चढून वरची घरं बघून आली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा अवघडलेला होता.

"उस्ताद, तुमच्या नळावर जास्तीच्या पाकळ्या आहेत. सगळीकडेच. सोळाच्या खाली पारा असला तर पट्टीचे पैसे परत मिळतात, पण असं असेल तर मिळत नाहीत. मी लिहून दिलं तर वरच्यांना दंड होईल. लिहू?"

"नको."

"कुणी लावल्या?"

"जुन्या आहेत," मेंग म्हणाला.

बाईने त्याच्या पट्ट्याकडे, पितळी चावीकडे पाहिलं. मग कागद घडी करून पिशवीत टाकला. जाताना दारात म्हणाली, "आपसात मिटवा. काढून टाका. पण भर हिवाळ्यात काढायच्या तर नळ रिकामा करावा लागेल, तुम्हाला सांगायला नको."

खरोखरच सांगायला नको होतं. नळ रिकामा करायचा, तर सहाही घरं दिवसभर गार राहणार, बाहेर उणे पंचवीस असताना. पाणी परत भरताना प्रत्येक घरात माणूस हवा, कुठे गळतंय का बघायला. दर ऑक्टोबरला नळांची चाचणी असते तेव्हा जिन्यात कागद लावतात तसा : घरी कुणीतरी थांबावे. आणि भरून झाल्यावर हवा सोडायची ती सर्वांत वरच्या घरातून. शिंग बाओकूने दार उघडलं नाही, तर बाकीच्या पाच घरांच्या होकाराला काही किंमत नव्हती.

ग्वीझीने दरवाजाआडून सगळं ऐकलं होतं.

"मागायला जाऊ नकोस."

"कोण जातंय?"

"मी ओळखते तुला. दिलेली वस्तू परत मागायची नसते. मीच द्यायला लावल्या होत्या, आता मीच मागून घेऊ? आणि माझ्या दुखण्याचं भांडवल करून तर मुळीच नाही. 'ग्वीझी मरायला टेकलीय, पाकळ्या द्या', असं म्हणालास तर मी उठून तुझ्या थोबाडीत मारीन."

"उठलीस तर मार."

"मेल्यावर खिडकी उघडी टाकतातच की. आत्तापासून सवय होतेय असं समज."

"तोंड आवर म्हातारे," मेंग म्हणाला आणि बाटल्या बदलायला स्वयंपाकघरात गेला.

तरी तो गेलाच. पेई आता विधवा होती. मुलगा, तोच ज्याच्यासाठी पहिल्या पाकळ्या गेल्या होत्या, दक्षिणेत नोकरीला होता. तिने दारातच ऐकून घेतलं. "मेंगदादा, काढून न्या. आजच न्या. नाहीतरी मी रात्री पत्ते कुटायला दुसऱ्यांच्या घरी असते, त्यांची ऊब वापरते." तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यावरचेही हो म्हणाले. पाचव्यावर भाड्याने राहणारं नवं जोडपं होतं. दार उघडणाऱ्या मुलीच्या कडेवर चार महिन्यांचं बाळ होतं. मेंगने तिला फक्त विचारलं, "रेडिएटर नीट चालतोय ना?" ती म्हणाली, "हो काका, छान." आणि तो पुढे चढला.

तो दिवस चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यातल्या आठवीच्या सणाचा होता, २६ जानेवारी. शिंगच्या घरात आठ धान्यांची लापशी शिजत होती. शिंग बनियनवर बसला होता. टेबलावर वाडग्यात गार पाण्यात गोठलेले नाशपती नरम पडायला ठेवलेले. त्याने एक उचलून मेंगपुढे केला.

"खा. बाहेर बर्फ, आत साखर. कसं काय आलास चढून? तुला तर जिन्याचं वावडं."

"काही नाही. खाली जरा गार आहे."

"डोंगबैमध्ये राहून गार आहे म्हणतोस? तुझं वय झालं."

"पाकळ्या काढाव्या म्हणतोय. तुझ्याही. एका दिवसाचं काम."

शिंगने नाशपतीचं देठ ताटलीत ठेवलं. "आत्ता? नळ रिकामा करून? बाबा रे, चार दिवसांत सून येतेय नातवाला घेऊन. तीन वर्षांनी पहिल्यांदा वसंतोत्सवाला येताहेत. त्या पोराला दक्षिणेतल्या ग्वांगझौची सवय, इथे वीस अंशांत पण नाक गळतं त्याचं. ते जाऊ देत, नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याची पंधरावी झाली की तू ये, मी स्वतः पान्हा धरतो. सगळ्या सहा काढ. चालेल?"

मेंगने हातातला नाशपती न चाखता परत ताटलीत ठेवला.

"की फारच गार आहे?" शिंगने विचारलं.

सांगायची वेळ तीच होती. तेरा अंश. डॉक्टर. दर दीड तासाला बदलायच्या बाटल्या. एवढ्या तीन गोष्टी त्याच्या ओठांपर्यंत आल्या, आणि बरोबर थोबाडीची धमकीही आली. शिवाय सदतीस वर्षं लोक त्याच्याकडे गारठ्याच्या तक्रारी घेऊन यायचे. स्वतः तक्रार घेऊन उभं कसं राहायचं हे त्याला येत नव्हतं.

"जरा," तो म्हणाला. "पंधरावीनंतर चालेल."

"मग तोवर पंप बसव छोटा. आम्ही काही बोलणार नाही."

"पंप नाही."

"म्हाताऱ्या खेचरा," शिंग म्हणाला आणि त्याच्या हातात आणखी दोन नाशपती कोंबले. "हे ग्वीझी वहिनीला. म्हणावं, शिंगने विचारलंय."

ग्वीझीने अर्धा नाशपती चमच्याने खाल्ला. "सहाव्या मजल्यावर गेला होतास," ती म्हणाली. "हात गरम आहेत तुझे."

६ फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मेंग स्वयंपाकघरात तिसरी बाटली भरत होता. दोन आधीच तिच्या पायाशी ठेवल्या होत्या. खोकल्याचा आवाज थांबला होता, आणि त्याला वाटलं, बरं झालं, जरा डोळा लागला. मोजा चढवून बाटली घेऊन तो आत आला. तिचा हात पांघरुणाबाहेर होता. त्याने हाताची मागची बाजू तिच्या कपाळाला लावली, मग गालाला, मग मनगटाला. तशीच काही वेळ धरून ठेवली. त्याला कळायला वेळ लागत नसे, पण त्या दिवशी लागला.

तिसरी बाटली त्याने कुठे ठेवली ते त्याला नंतर आठवलं नाही. ती दुसऱ्या दिवशी गादी आणि भिंतीच्या मध्ये सापडली.

पेई सर्वांत आधी आली. तिने ग्वीझीचे केस विंचरले, नवे कपडे चढवले. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बायका आल्या. मेंग श्याला फोन झाला. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीने पोचणार होती. तोवर ग्वीझी घरातच राहणार, लेकीने तोंड बघितल्यावर न्यायचं, असं ठरलं. मग पेई मेंगजवळ येऊन उभी राहिली.

"मेंगदादा. उद्या सकाळपर्यंत ठेवायचं तर खोली थंड करावी लागेल."

मेंगने भिंतीवरच्या तापमापीकडे पाहिलं. तेरा. चार महिने जी खोली जिवंत बाईला गार होती, ती आता उबदार ठरली होती.

"खिडकी उघडतो," तो म्हणाला. त्याने स्वतः ठोकलेलं प्लॅस्टिक स्वतः उपटलं, फटींवरचे कागद फाडले. मग हात थांबला. त्याचा धंदा त्याच्या दुःखापेक्षा आधी जागा झाला. "खिडकी उघडी राहिली तर रेडिएटरमधलं पाणी गोठेल. लोखंड फुटेल. नळ रिकामा करावा लागेल." वर छताकडे बघून त्याने पुढचं सांगितलं, "सहाही घरांचा."

"मग करा की."

"विचारावं लागेल सगळ्यांना."

"कुणाला विचारणार?" पेई म्हणाली. "सगळे जिन्यातच उभे आहेत."

खरंच उभे होते. पाचव्या मजल्यावरची मुलगी बाळाला दुलईत गुंडाळून, दुसऱ्या-तिसऱ्यावरचे पुरुष टोप्या हातात घेऊन. सर्वांत पुढे शिंग बाओकू, पायात घरातल्या सपाता. सहाव्या मजल्यावरून तसाच उतरून आला होता. त्याच्या हातात मोठा पान्हा होता.

"पाणी काढ," शिंग म्हणाला. "सुनेला आणि पोराला मी हॉटेलात पाठवलंय."

मेंगने तळघरातला कॉक फिरवला. नळातून पाणी उतरायला लागलं. आधी कोमट, स्वच्छ, मग गढूळ, मग शाईसारखं. तो आणि शिंग दोन बादल्या आळीपाळीने भरून गटारात ओतत होते. रस्त्यावर पडताच त्याची वाफ व्हायची आणि वाफ विरायच्या आत बर्फ. चौदाव्या बादलीनंतर शिंग पायरीवर बसला.

"तू मला 'जरा' म्हणालास."

मेंगने पुढची बादली नळाखाली सरकवली.

"अकरा दिवसांपूर्वी माझ्या टेबलापाशी बसून. मी विचारलं, फारच गार आहे का. तू म्हणालास, जरा." शिंगचा आवाज चढला नाही. "मी नातवाला स्टेशनवर झोपवलं असतं रे. एवढंही नाही ओळखलंस मला चाळीस वर्षांत?"

"तिने सांगायचं नाही म्हटलं होतं."

"ती नाहीच म्हणणार. ती आयुष्यभर लोकांना हो आणि स्वतःला नाही म्हणत आली. तुला अक्कल नको?"

"नव्हती," मेंग म्हणाला आणि बादली उचलली.

अकराच्या सुमारास नळ कोरडा झाला. बायका आत ग्वीझीजवळ बसल्या होत्या. मेंगला आत बसवेना आणि बाहेर उभं राहवेना. शिंगनेच पान्हा त्याच्यापुढे धरला.

"नळ रिकामाच आहे. चल. माझ्यापासून सुरुवात कर."

"आता कशाला?"

"आता तरी कर. मला त्या पाकळ्यांशेजारी बसून नव्या वर्षाचं जेवता येणार नाही."

पेईने जिन्यातून ऐकलं आणि कुणाला न विचारता कोट चढवला. पाकळ्या सोडल्या की प्रत्येक सांध्याला नवं वायसर लागतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने चौदा वायसर आणले, एक युआन दोन ज्याओला एक. सूत आणि सफेदा मेंगच्या पेटीत होता.

दुपारभर तो आणि शिंग काम करत होते. सांधे गंजून एकजीव झालेले. मेंग पान्ह्यावर पाय देऊन सगळं वजन टाकायचा आणि लोखंड कण्हून सुटायचं. प्रत्येक सांध्यात त्याच्याच हाताने पूर्वी गुंडाळलेलं सूत होतं, काळं पडलेलं. सहाव्यावरच्या सहा निघाल्या. पाचव्यावर तो थांबलाच नाही, पण ती मुलगी दारात वाट पाहत होती.

"काका, आमच्या चार राहिल्या."

"त्या राहू देत."

"पण सगळे देताहेत."

"ज्या घरात तान्हं आहे त्या घरातलं काढायचं नाही," मेंग म्हणाला. "हे ती ठरवायची. मी नाही."

चौथ्यावरच्या पाच, तिसऱ्यावरच्या तीन, दुसऱ्यावरच्या पाच. संध्याकाळी एकोणीस पाकळ्या जिन्याखाली भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या रात्री सहाही घरं कोट घालून झोपली. कुणी हीटर लावला नाही. फ्यूज उडून खाली ग्वीझीजवळचा दिवा विझेल, असं पेईने सगळ्यांना बजावलं होतं.

सकाळी मेंग श्या आली. आईचं तोंड बघून, खोलीतला गारठा अंगाला लागून ती म्हणाली, "बाबा, हिला थंडी वाजेल," आणि मग स्वतःच्याच बोलण्याने ती कोसळली. नऊ वाजता ग्वीझीला नेलं. दीड वाजता राख घेऊन सगळे परतले, दारात हात धुतले, रिवाजाप्रमाणे साखरेची गोळी तोंडात टाकली.

मग मेंगने खिडकी बंद केली आणि तळघरात जाऊन पाणी सोडलं. त्या दिवशी जिन्यात कागद लावावा लागला नाही. सहाही घरांत माणूस थांबला होता. मेंग एकेक मजला चढत गेला, एकेका सांध्यावर बोट फिरवत. गळत कुठेच नव्हतं. सहाव्यावर त्याने पितळी चावी लावून अर्धा आटा फिरवला. नळ बराच वेळ धाप लागल्यासारखा फुसफुसत राहिला. मध्ये थुंकल्यासारखं पाणी यायचं, पुन्हा हवा, पुन्हा पाणी. शिंग बशी धरून शेजारी उभा होता. अखेर केसासारखी बारीक, अखंड धार लागली. मेंगने चावी बंद केली.

"लागलं," तो म्हणाला. हा शब्द त्याने आयुष्यात किती हजार वेळा उच्चारला होता. प्रत्येक वेळी समोरचं कुणीतरी हसायचं. शिंगने बशी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

उतरताना तो प्रत्येक मजल्यावर हाताची मागची बाजू टेकवत आला. खाली, शेवटच्या रेडिएटरला ती टेकवली आणि झटकन काढून घेतली. चटका बसला होता. गेल्या सहा वर्षांत प्रथमच.

संध्याकाळी तापमापी एकवीस दाखवत होती. रेडिएटरवर ग्वीझीने शरदात ठेवलेल्या संत्र्याच्या साली होत्या, चार महिने दमट राहिलेल्या. त्या आता सुकून वळायला लागल्या आणि खोलीत वास सुटला. मेंग श्या रडून थकून बापाच्या गादीवर झोपली होती, तिने झोपेतच पांघरूण लाथाडलं. मेंगने जाड कोट काढला आणि खिळ्याला अडकवला. त्या हिवाळ्यात त्या खोलीत तो पहिल्यांदाच कोटाशिवाय बसला. पलंगाच्या बाजूने त्याने हात घातला तेव्हा भिंतीशी ती तिसरी बाटली लागली. बाहेर काढून बघतो तर पाणी गोठून काच तडकली होती. आता वितळून मोजा ओला झाला होता. त्याने मोजा पिळला आणि वाळायला रेडिएटरवर ठेवला.

सात दिवस झाल्यावर तो चौथ्या मजल्यावर वायसरचे पैसे द्यायला गेला. पेईने घेतले नाहीत. "मेंगदादा, जाताना नळ थोडा आवाज करतो तो बघून जा. पैसे राहू देत. हिशेब चुकता झाला की माणूस जिने चढायचा थांबतो." त्याने नळ पाहिला. हवा होती, सोडली. मार्चमध्ये पुन्हा गेला, तेव्हाही तिने घेतले नाहीत. जूनमध्ये मुलाने तिला दक्षिणेत नेलं, आणि घर विकलं गेलं.

चौदा वायसरचे सोळा युआन आठ ज्याओ मेंगकडून पेई यानला अजून देणे आहेत.